जुना डेस्कटॉप रखडतोय? खिशात हात घालण्याआधी या क्रमाने तपासा

लक्षणं

बटण दाबल्यापासून स्क्रीनवर आयकॉन दिसेपर्यंत आठ-दहा मिनिटं जातात. आयकॉन दिसले तरी ब्राउझर उघडत नाही, कॅबिनेटवरचा छोटा दिवा मात्र एकसारखा पेटलेला असतो. ही तक्रार सगळ्यात जास्त येते.

पीसी नीट चालतो, पण अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप बंद होतो. त्याआधी पंख्याचा आवाज वाढलेला असतो.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. कधी लांब बीप वाजत राहते.

रोज सकाळी तारीख काही वर्षं मागे गेलेली असते आणि बँकेची साइट उघडली की ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी सूचना येते.

मधूनच निळी स्क्रीन येते. किंवा कॅबिनेटमधून टक्, टक्, टक् असा ठरावीक अंतराने आवाज येतो. हा आवाज येत असेल तर पीसी आत्ताच बंद करा आणि थेट शेवटचा भाग वाचा.

एका शाळेची कॉम्प्युटर लॅब मी चौदा वर्षं सांभाळली. आता कोथरूडमधल्या आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांतले जुने पीसी माझ्याकडे येतात. बहुतेक २०१२ ते २०१६ च्या दरम्यान तापकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, सुटे भाग आणून जोडलेले: तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय३ किंवा आय५, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. घरातलं काम काय, तर वीजबिल भरणं, मेल, यूट्यूब, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, सोसायटीचे हिशेब. एवढ्या कामाला हा प्रोसेसर आजही पुरतो. तरी लोकांना ‘बोर्ड जुना झाला, नवाच घ्या’ असं सांगितलं जातं आणि बिचारे घेतातही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सगळा पीसी एकदम म्हातारा होत नाही. एखादाच भाग दमलेला असतो आणि तो बाकीच्यांना अडवून धरतो. तो कोणता, हे कळल्याशिवाय काही विकत आणू नका.

आधी फोटो

काही वर्षांपूर्वी एका काकांचा पीसी असाच रखडत होता. मी डिस्कची तब्येत न पाहता रात्री डीफ्रॅग लावून दिलं, कारण हळू पीसीला तोच उपाय असं मी धरून चालले होते. डिस्क आधीच शेवटच्या घटका मोजत होती. डीफ्रॅगमध्ये डिस्कवरच्या फाइली इकडून उचलून तिकडे ठेवल्या जातात. तो ताण तिला झेपला नाही. सकाळी डिस्क दिसायचीच बंद झाली. काकू आदल्या वर्षी गेल्या होत्या आणि त्यांचे शेवटच्या काळातले फोटो त्याच डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेव्हापासून मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी डेटा उतरवून घेते, मग काम पाच मिनिटांचं का असेना.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डेस्कटॉप हे तिन्ही फोल्डर बाहेरच्या डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर घ्या. आपल्याकडे बरेच जण सगळं डेस्कटॉपवरच ठेवतात आणि नेमका तोच उतरवायचा राहून जातो. टॅली वापरत असाल तर त्याचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, तोही शोधा. श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टाइप केलेली जुनी पत्रं, इतिवृत्तं असतील तर ते फॉन्टसुद्धा उतरवा. फाइल राहिली आणि फॉन्ट गेला, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा नुसता गिचमिडा दिसतो.

भिंतीपासून सुरुवात

पीसी मधूनच बंद पडत असेल तर पहिली शंका सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएसची घ्या. यूपीएसमधली बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते. त्यानंतर वीज जरा हलली तरी ती मान टाकते. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते त्या क्षणी यूपीएस पीसीला घेऊन बसला, तर बॅटरीच बघा. यूपीएस आणि एक्स्टेन्शन बाजूला ठेवून एक दिवस पीसी सरळ भिंतीच्या तीन पिनच्या सॉकेटला लावा. नीट चालला, तर पीसीला हातही लावायला नको.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील तर घरातलं अर्थिंग गेलेलं आहे. त्यासाठी वायरमन बोलवा. अर्थिंग नीट झाल्याशिवाय पुढचं काही उघडू नका.

न उघडता, न खर्च करता

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. पीसी रखडलेला असतानाच त्यात मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क हे दोन रकाने बघा, कारण पुढे एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी लागणारी, न फिरणारी वेगवान डिस्क) घ्यायची की रॅम, हे याच दोन आकड्यांवर ठरतं. सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं डिस्क १०० टक्क्यांवर असणं हार्ड डिस्कच्या पीसीत नेहमीचं आहे. वीस मिनिटांनीही ती १०० वरच असेल आणि मेमरी ६०-७० च्या आसपास, तर अडथळा डिस्कचा. मेमरी ९० च्या वर असेल तर अडथळा रॅमचा, मग डिस्कचा आकडा कितीही असो. रॅम भरली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर उतरवतं, त्यामुळे दोषी रॅम असते आणि घाम डिस्कला फुटतो.

तिथल्याच स्टार्टअप टॅबमध्ये जाऊन नको ते बंद करा. प्रिंटरचे मदतनीस, कधीकाळी टाकलेले व्हिडिओ कॉलचे दोन-तीन प्रोग्रॅम, टोरंट, सगळे पीसीबरोबर उठून बसलेले असतात. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. दोघं प्रत्येक फाइल दोनदा तपासत बसतात. सी ड्राइव्हवर १५-२० जीबी तरी मोकळी हवी, नाहीतर विंडोजला अपडेट उतरवायलाही जागा उरत नाही. एवढ्यानेच काही घरांत काम भागतं.

तारखेचा सेल

तारीख मागे जाते ती मदरबोर्डवरच्या रुपयाच्या नाण्यासारख्या सेलमुळे. तो सीआर२०३२, ३ व्होल्टचा. घड्याळाच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकीची असली की साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत पीसीला जुळत नाही, म्हणून बँकेची साइट अडते. गेल्या पावसाळ्यात एका काकूंनी याच कारणासाठी पीसी फॉरमॅट करून घेतला होता. तारीख दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे! सेल बदलल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन तारीख एकदा घाला आणि डिस्कचा मोड (साटा मोड) आधी होता तोच आहे ना, ते बघा.

धूळ

आपोआप बंद पडणाऱ्या पीसीचं हे मुख्य कारण. वनाज-गरवारे मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, पण त्याआधीची वर्षं कर्वे रस्त्यालगतच्या घरांतला पीसी उघडला की आत सिमेंटची बारीक राखाडी भुकटी असायची. आज जिथे जिथे इमारती पाडून नव्या उभ्या राहताहेत तिथे तीच गत.

भिंतीवरचं बटण बंद करा, वायर काढा, मग पीसीचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. कॅबिनेट गॅलरीत न्या आणि डाव्या बाजूचा पत्रा काढा. प्रोसेसरवरचा पंखा वरून बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो आणि तिथेच माणसं फसतात. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पात्यांचा गोल ठोकळा असतो. पंखा आणि पाती यांच्या मध्ये धूळ दाबून बसते, गोधडीतल्या जुन्या कापसासारखा सलग थर. नखाने उचलला तर अख्खा तुकडा निघतो. पंखा वरून वारा घालतो, तो पात्यांपर्यंत पोचतच नाही. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर जीव वाचवायला पीसी बंद करतो. म्हणजे बंद पडणं हा बिघाड नाही, तो बचाव आहे.

मऊ कोरडा ब्रश आणि हवेचा ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं एका बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. व्हॅक्युम क्लीनरची नळी बोर्डाला लावू नका, तिच्यावर स्थिर वीज साठते. साफ करूनही तापमान ९० अंशांच्या पुढे जात असेल तर ठोकळ्याखालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात पोचवणारा लेप, वाळली आहे. ठोकळा काढून जुनी पेस्ट पुसायची आणि मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी घालायची. इंटेलच्या ठोकळ्याला प्लास्टिकच्या चार खुंट्या असतात आणि दहा वर्षांनी त्या ठिसूळ झालेल्या असतात. हे काम आधी कधी केलं नसेल तर एखाद्या जाणत्याला शेजारी बसवूनच करा.

रॅम आणि खोडरबर

पंखा फिरतो, स्क्रीन काळी, बीप वाजते: यात पहिली शंका रॅमची. पावसाळ्यात या तक्रारी वाढतात. दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक थर धरतो आणि स्लॉटशी संपर्क तुटतो. रॅम मेलेली नसते.

हात आधी कॅबिनेटच्या पत्र्याला लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरेल. स्लॉटच्या टोकांची क्लिप बाहेर दाबली की रॅम वर येते. कडेला धरा, चिपांना बोट लावू नका. शाळेतला पांढरा मऊ खोडरबर घ्या (शाईचा खरखरीत नको) आणि पट्ट्यांवर एकाच दिशेने हलकेच फिरवा. मळकट पिवळा रंग जाऊन पट्टी चकाकायला लागते. रबराचा कीस ब्रशने नीट झाडा. परत बसवताना रॅममधली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. क्लिपचा टक असा आवाज आला की बसली. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा, दोष कोणत्या पट्टीत की कोणत्या स्लॉटमध्ये, ते तिथल्या तिथे कळतं.

लॅबमध्ये जून उजाडला की पहिल्या आठवड्यात मी हेच करत असे, एकामागून एक पीसी, आणि त्यातले बहुतेक रबरानेच उठून बसायचे.

हार्ड डिस्कची तब्येत

क्रिस्टल डिस्क इन्फो हा फुकटचा प्रोग्रॅम चालवा. वर निळा ‘गुड’ दिसला तर ठीक. पिवळा ‘कॉशन’ असेल तर खालच्या यादीत तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले कप्पे, सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे कप्पे. यांचे आकडे शून्याच्या वर असतील आणि आठवड्यात वाढत असतील तर डिस्क जाणार, प्रश्न फक्त दिवसांचा. सी७ मात्र वेगळी. ती वाढत असेल तर डिस्क आणि बोर्ड यांच्यामधली साटा केबल सैल किंवा खराब असण्याची शक्यता जास्त. केबल काढून घट्ट बसवा किंवा नवी लावा. त्या आकड्याने घाबरून चांगली डिस्क फेकणारे मी पाहिले आहेत.

एसएसडी: खर्च करायचा तर इथे

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क अडलेली दिसली असेल तर हा एकच बदल पीसीचं रूप पालटतो. हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते आणि एक हात तिच्यावर मागेपुढे सरकतो. प्रत्येक नवी फाइल शोधायला त्याला साधारण १०-१२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आतच जागा गाठता येतात. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फाइली वेगवेगळ्या जागांवरून उचलतं. दहा मिनिटं तिथे जातात, प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिला तीच जागा गाठायला मिलिसेकंदाचा दहावा भाग लागतो.

जुन्या बोर्डाला अडीच इंची साटा एसएसडी घ्या. एनव्हीएमईची छोटी पट्टी घेऊ नका, या बोर्डांवर तिला बहुधा जागाच नसते. घरकामाला २४०-२५६ जीबी पुरते. फोटो जुन्या डिस्कवर राहू द्या, ती धडधाकट असेल तर. एच८१ बोर्डावर चारपैकी दोनच साटा पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, एसएसडी त्यांतल्या एकाला लावा. एच६१ वर सगळे ३ गिगाबिटचेच आहेत, तरी फरक चटकन जाणवतो. अडथळा जागा शोधण्याचा होता, वाहून नेण्याचा नव्हता. बिल आणि वॉरंटी घेतल्याशिवाय एसएसडी घेऊ नका. अगदी स्वस्तात दोन-चार टीबी देणारी एसएसडी मिळाली तर ती बनावट समजा.

जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करण्यापेक्षा मी विंडोज नव्याने टाकते, कारण क्लोनबरोबर दहा वर्षांचा पसाराही येतो. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय आहे ना ते टाकण्याआधी पाहा. आणि एक गोष्ट कटाक्षाने करा: विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर सुरू होण्याच्या फाइली जुन्या डिस्कवर जाऊन बसतात आणि पुढे ती डिस्क काढली की नवा पीसी उठतच नाही. या एका चुकीसाठी माझ्याकडे कितीतरी पीसी परत आले आहेत. विंडोज १० आधी ॲक्टिव्हेट असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट मिळताच ते पुन्हा ॲक्टिव्हेट होतं. त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

रॅम वाढवायची तर

४ वरून ८ जीबी केली की ब्राउझरचे दहा टॅब सुखाने उघडतात. घरकामाला १६ ची गरज नाही. दुकानात जाण्याआधी जुन्या रॅमच्या लेबलाचा फोटो काढा. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या, सोनेरी पट्ट्याही अनुक्रमे २४० आणि २८८. एकमेकींच्या जागी बसत नाहीत, जोर केला तर स्लॉट तुटतो. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीपुढची रॅम त्याला दिसतच नाही, आधी ६४ बिटचं टाका.

विंडोजचा प्रश्न

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची सोय) लागतं. पिढी ओळखणं सोपं आहे: आय५-४४६० मध्ये पहिला आकडा ४, म्हणजे चौथी; आय५-८४०० म्हणजे आठवी; आय५-१०४०० म्हणजे दहावी. अटी चुकवून ११ टाकण्याच्या युक्त्या फिरत असतात. ज्या पीसीवर बँकेचे व्यवहार होतात तिथे मी त्या करत नाही.

माझ्याकडचे चौथ्या पिढीचे पीसी मी लिनक्स मिंटवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकटच्या प्रणालीवर, नेते. ते पेन ड्राइव्हवरूनच सुरू करून, काही न टाकता, दोन दिवस वापरून बघता येतं. युनिकोड मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डने सहज टाइप होतं. प्रिंटर मात्र आधी चालवून पाहा. ज्यांचं काम टॅली किंवा श्रीलिपीवर अडतं त्यांनी लिनक्सच्या वाटेला जाऊ नये. तो पीसी इंटरनेटपासून तोडून फक्त त्या कामाला ठेवावा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

डिस्क टक्-टक् करत असेल आणि आत हवाहवासा डेटा असेल, तर पीसी पुन्हा सुरू करू नका. प्रत्येक सुरुवातीला आतला हात तबकडीवर आणखी घासला जाऊ शकतो. डिस्क उघडू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, कुठलंही दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवू नका. डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे ती आहे तशीच न्या आणि काम सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या.

जळका वास, बोर्डावरच्या छोट्या नळकांड्यांची डोकी फुगलेली किंवा तपकिरी गळती, धूळ आणि तापमान ठीक असूनही ताण आला की बंद पडणं: हे एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) किंवा मदरबोर्डचं काम. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. आपल्या २३० व्होल्टचे आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट होतात आणि वायर काढल्यानंतरही ते काही काळ तिथेच असतात. रबर फिरवून, रॅम अदलाबदल करूनही स्क्रीन काळीच असेल तर तिथेही तुमचं काम संपलं.

जाणकाराने मदरबोर्ड बदलायला सांगितलं तर त्याबरोबर प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागेल का, हे विचारा. तिन्ही बदलायचे असतील तर तो अपग्रेड नाही, नवाच पीसी आहे. मग आठव्या पिढीच्या पुढचा, वॉरंटी असलेला नूतनीकृत पीसी कितीला मिळतो ते बघून ठरवा. कॅबिनेट दुकानात ठेवायची वेळ आली तर काय काय करून झालंय ते कागदावर लिहून द्या, रॅम आणि एसएसडीच्या लेबलांचे फोटो काढून ठेवा, आणि बिघाड बोर्डाचा किंवा एसएमपीएसचा असेल तर फोटो असलेली हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. त्या दुरुस्तीला ती लागत नाही.